जुहूचा घोडा रात्री कुठे असतो

घोड्यावरची फेरी म्हणजे मुक्या जनावराचा छळ की मुलांचा साधा आनंद, हा वाद मुंबईत बहुतेक वेळा चौपाटीच्या वाळूवर उभं राहून घातला जातो. पाठीवर बसलेला माणूस किती जड आहे, लगाम किती ताणलाय, मोतद्दाराच्या हातात चाबूक आहे का, जनावराच्या बरगड्या दिसतात का, एवढं पाहून आपण निकाल देतो. घाटकोपर किंवा मुलुंडमध्ये वरात अडून राहते तेव्हाही नजर जाते ती नवरदेवाच्या घोडीच्या पाठीकडे आणि तोंडाकडे. हे प्रश्न खोटे नाहीत. पण जुहूवरची एक फेरी जेमतेम दहा मिनिटांची असते, आणि दिवसभरात अशा कितीही फेऱ्या झाल्या तरी घोड्याच्या चोवीस तासांतला मोठा भाग वाळूवर जात नाही. तो जातो पागेत, म्हणजे फेरीचे पैसे देणारा जिथे कधी पाऊल टाकत नाही अशा जागी. फेरी योग्य की अयोग्य हे पागेत ठरतं, असं माझं मत आहे. उपनगरांत घोडा ठेवायला रीतसर, उघडी, कुणालाही तपासता येईल अशी जागा मिळत नाही तोवर फेरीवर बंदी घाला किंवा परवानगी द्या, घोड्याच्या वाट्याला येणारं आयुष्य फारसं बदलणार नाही.

हे मत घोड्याच्या पोटापासून सुरू होतं. गाय-म्हैस भराभर चारा गिळून नंतर निवांत रवंथ करते. घोड्याला रवंथ नाही. त्याच्या प्रचंड देहाच्या मानानं जठर अगदी लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं असतं, आणि गवताचं खरं पचन पुढे मोठ्या आतड्यात, जिवाणूंच्या मदतीनं होतं. मोकळ्या रानात घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत राहतो. त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असतं, तोंडाला चारा असो वा नसो; ते सौम्य करणारी लाळ मात्र चावताना तेवढीच सुटते. त्यामुळे काही तास गवत मिळालं नाही की आम्ल जठराच्या अस्तरालाच खाऊ लागतं आणि व्रण पडतात. सकाळी तोबऱ्यातून भरपूर चंदी आणि संध्याकाळी पुन्हा भरपूर चंदी, मधल्या वेळात काहीच नाही, असा रतीब मालकाला भरपेट वाटतो. घोड्याच्या पोटाला तो उपास असतो. शिवाय एकदम खाल्लेल्या दाण्यातलं पीठ न पचता मोठ्या आतड्यात गेलं की तिथे आंबतं, वायू धरतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं आतच राहतं, आणि पोटशुळानं घोडा तासाभरात लोळू लागतो, काही वेळा मरतो. वाळूवर सांडलेला चारा उचलून खाणाऱ्या घोड्याच्या आतड्यात वाळू साठूनही शूळ होतो, म्हणजे चौपाटीवरच्या घोड्याला हा धोका दुहेरी. ३०० किलोच्या तट्टाला रोज निदान ६ किलो कोरडा चारा लागतो, तोही बहुतांशी गवत आणि तोही दिवस-रात्र वाटून. पाणी २० ते ३० लिटर, मुंबईच्या मे महिन्यात त्याहून जास्त. घोडा माणसासारखा अंगभर घाम गाळणारा प्राणी आहे आणि घामाबरोबर त्याच्या अंगातलं मीठही जातं, म्हणून दमट हवेत नुसतं पाणी पुरत नाही, चाटायला मिठाचा खडाही हवा.

झोपेचंही तसंच. घोडा उभ्यानं झोपतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते अर्धंच खरं आहे. पायांतल्या अस्थिबंधांची रचना अशी आहे की स्नायूंवर फारसा ताण न देता सांधे अडकवून त्याला उभ्यानं डुलकी घेता येते. पण गाढ झोपेचा, स्वप्नांचा जो टप्पा असतो त्यात स्नायू पूर्ण सैल पडतात, आणि त्यासाठी त्याला आडवंच व्हावं लागतं. त्याला दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास पुरतो, पण तो चुकवून चालत नाही. ओल्या फरशीवर, अगाडी-पिछाडी आखडून बांधलेल्या किंवा शेजाऱ्याला खेटून उभ्या केलेल्या घोड्याला आडवं होता येत नाही. आवाजाची सतत भीती असेल तर जागा असूनही तो आडवा होत नाही, कारण जमिनीवर पडलेला घोडा म्हणजे वाघाच्या तोंडचा घोडा, हे त्याच्या रक्तात आहे. असे दिवस साचत गेले की जनावर उभ्या उभ्या झोपेच्या झटक्यानं गुडघ्यांवर कोसळतं. चौपाटीवर किंवा वरातीत ‘अचानक’ कोसळलेल्या घोड्याची कारणं उष्माघातात आणि उपासमारीत शोधली जातात, झोपेकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यात आवाजाची भर: घोड्याचे कान स्वतंत्रपणे वळतात, आणि माणसाच्या कानाला न कळणारे उंच पट्टीचे आवाज त्याला ऐकू येतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की बँड आणि फटाक्यांत काढलेल्या संध्याकाळनंतर या जनावराला शांत, कोरडं ठाण मिळालं की नाही, हा प्रश्न त्या संध्याकाळपेक्षाही मोठा आहे.

चांगल्या पागेचा दिवस कसा असतो हे म्हणूनच नीट सांगायला हवं, कारण शहरी वाचकाला तो दिसण्याची सोय राहिलेली नाही. उजाडायच्या आत पहिलं काम पाणी आणि गवताचं. चंदी नंतर, आणि कामाला जुंपण्याच्या बऱ्याच आधी. मग रात्रीची लीद आणि मुताची ओली गादी काढून कोरडा पेंढा किंवा लाकडाचा भुसा पसरायचा. हे काम स्वच्छतेसाठी वाटतं, पण ते फुप्फुसांसाठी आहे: मुतातून उठणारा अमोनिया जमिनीलगत राहतो आणि आडव्या झालेल्या घोड्याच्या नाकात थेट जातो. त्यानंतर खरारा. खरारा करताना मोतद्दाराचा हात सगळ्या अंगावरून फिरतो, आणि कुठे सूज आहे, कुठे खोगिरानं कातडी सोलली आहे, तंगाखाली जखम आहे का, हे त्याला डोळ्यांआधी हाताला कळतं. चारही खूर उचलून आतली माती, खडे उकरायचे. खूर महिन्याला सहा ते नऊ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे दर सहा-सात आठवड्यांनी नालबंदानं येऊन नाल काढायचे, खूर तासायचा आणि नाल पुन्हा ठोकायचे. हे लांबवलं की पायाच्या खालच्या सांध्यांचा कोनच बिघडतो. दुपारी सावली, गवत आणि विश्रांती, उन्हं उतरल्यावर काम किंवा मोकळं सोडणं, परतल्यावर अंग निवेपर्यंत हळूहळू चालवणं, पाणी, पुन्हा गवत, आणि रात्री उशिरा एकदा तरी कंदील घेऊन फेरी, कारण पोटशूळ रात्रीही उठू शकतो. मुंबईत या दिनक्रमात पावसाळ्याचे चार महिने वेगळे मोजावे लागतात. खूर ओले राहून तळव्याची मऊ भेग कुजते, पालघर-वसईकडून येणारं गवत भिजून बुरशी धरतं, आणि चावणाऱ्या गोमाश्या सर्रा नावाचा रक्तातला ताप एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. धनुर्वाताचे जंतू लिदीत आणि मातीत असतात आणि घोडा त्याला फार लवकर बळी पडतो, म्हणून लस चुकवून चालत नाही.

या सगळ्याला जागा किती लागते याचा एक अंदाज खुद्द सरकारनंच दिलेला आहे. मुंबई पोलिसांचं घोडदळ १९३२ मध्ये बंद झालं होतं. ते पुन्हा उभं करायचं २०२० च्या जानेवारीत ठरलं, तेव्हा ३० घोड्यांची योजना जाहीर झाली आणि त्यांच्यासाठी अंधेरीत मरोळ इथे अडीच एकरांवर पागा, फिरायला धावपट्टी आणि पोहायला तलाव असा आराखडा सांगितला गेला. राज्याच्या घोड्याला एवढं लागतं, तर चौपाटीवरच्या घोड्याचं शरीर काही वेगळं नाही. तो मात्र कुठल्यातरी गल्लीत, पत्र्याखाली, नाहीतर पुलाच्या सावलीत बांधलेला असतो.

त्याचं कारण मालकाचा दुष्टपणा आहे असं मानणं सोपं आहे. धंद्याचा हिशोब पाहिला तर वेगळं दिसतं. घोडा रोज खातो. फेरीचं गिऱ्हाईक मुख्यतः शनिवार-रविवारच्या संध्याकाळी येतं, वरात सराईत निघते, आणि जून ते सप्टेंबर दोन्ही जवळजवळ थांबतात. घोड्याला चारणारा आणि फिरवणारा माणूस अनेकदा मालक नसतो, त्याचं पोट फेऱ्यांवर चालतं. उत्पन्न असं मोजकं आणि खर्च अखंड असला की दोन गोष्टी आपोआप होतात: रविवारी घोडा थकला तरी फेरी टळत नाही, आणि जुलैत पहिली काटछाट गवतात होते. म्हणजे फेरीगणिक पैसे घेण्याची पद्धतच घोड्याला ज्या दिवशी जास्त विश्रांती हवी त्या दिवशी जास्त राबवते, आणि ज्या महिन्यांत जास्त काळजी हवी तेव्हा कमी खायला घालते. मालक बदलला तरी हे बदलत नाही.

यावर सरळ आक्षेप असा की मग हा धंदाच बंद करा. त्याला न्यायालयाचा आधारही आहे. मुंबई उच्च न्यायालयानं जून २०१५ मध्ये व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, निव्वळ करमणुकीसाठी घोड्यांना असं राबवणं टाळता येण्याजोगं आहे असं म्हटलं, आणि वर्षभरात गाड्या थांबवून मालक-चालकांचं पुनर्वसन करायला सांगितलं. डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या गर्दीत, लोखंडी नालांवर चार-पाच माणसांची गाडी ओढणाऱ्या घोड्यांबाबत तो निर्णय मला पूर्ण पटतो. पण त्याच निकालात एक दुसरी, कमी गाजलेली बाब होती: मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३९४ खाली परवाना न घेता चालणाऱ्या पागा. बातमी झाली ती गाड्यांची. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या, आणि घोडा शहरातून गेला असं अनेकांना वाटलं. वरातीची घोडी मात्र गेली नाही, चित्रीकरणासाठी लागणारा घोडा गेला नाही. मागणी राहिली आणि जागा अधिकच चोरटी झाली. देशभरात घोडे आणि तट्टं २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास होती, २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. घोडे कमी झाले यात स्वतःहून काही वाईट नाही. जन्मालाच न आलेल्या घोड्याला दुःख नाही, हा बंदीवाद्यांचा मुद्दा मी मान्य करतो. पण जो घोडा आज हयात आहे आणि ज्याला काम नाही, त्याला पोसायची व्यवस्था बंदीबरोबर आपोआप येत नाही. काम थांबलेला घोडा विकला जातो, आणि पुढे तो कुठे जातो याची नोंद कुणीच ठेवत नाही. बंदी हवी असेल तर तिच्यासोबतही पागा लागतेच, म्हाताऱ्या घोड्यांची.

दुसरा आक्षेप जागेचा, आणि तो अधिक अवघड आहे. ज्या उपनगरांत माणसांना दहा बाय दहाची खोली मिळत नाही, तिथे घोड्यांना एकर कुठून द्यायचे? इथे मुंबईचाच जुना अनुभव पाहण्यासारखा आहे. शहरभर गल्लीबोळांत पसरलेले म्हशींचे तबेले, त्यांची घाण आणि भेसळीचं दूध यावर उपाय म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांनी ती घडवली. पुढे १९६३ मध्ये त्यांना वर्गीज कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १,२८७ हेक्टरांवर ३२ गोठे आणि सुमारे १६ हजार जनावरं अशी ती रचना होती. म्हशी खाजगी मालकांच्याच राहिल्या. गोठा, पाणी, गवताचं कुरण आणि जनावरांचे डॉक्टर सरकारनं एका जागी आणले आणि मालकाकडून त्याचं भाडं घेतलं. घोड्यांना यातली रचना घ्यायची आहे, जमीन नव्हे. आरेतलं एक झाडही घोड्यांसाठी तोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ मध्ये झाली तेवढी झाडतोड पुरे झाली. उपनगरांतले फेरीचे आणि वरातीचे घोडे म्हशींसारखे हजारोंनी नाहीत. मरोळच्या प्रमाणानं पाहिलं तर पश्चिम उपनगरांत एक आणि पूर्वेला मुलुंडच्या बाजूला एक, अशा चार-पाच एकरांच्या दोन सामाईक पागांत बरेच घोडे मावतील. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर २११ एकर एवढी जमीन दीर्घकाळ शर्यतीच्या घोड्यांसाठी राहिली, आणि आता त्यातले १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी घेतले तरी ९१ एकर टर्फ क्लबकडे राहत आहेत. शहरात घोड्यासाठी जमीनच नाही हे खरं नाही. ती कोणत्या घोड्यासाठी आहे, एवढाच प्रश्न आहे.

रोगाची भीती मात्र हलक्यानं घेऊ नये. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसाला होतो, तो कायद्यानं कळवावा लागतो, आणि बाधित जनावराला दयामरण द्यावं लागतं. ही भीती पागेच्या बाजूनंच बोलते. परवाना नसलेला, जनावर कुठेतरी लपवून ठेवणारा मालक आजारी घोडा डॉक्टरकडे आणत नाही, कारण घोडा तर जाईलच, वर कारवाईही होईल. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय ही दोन जुनी ठिकाणं शहरात आहेत. पण रक्ताचे नमुने नियमित घ्यायचे तर घोडे कुठे आहेत हे आधी माहीत हवं. लिदीचंही तेच. ३०० किलोचं तट्टू रोज १२ ते १५ किलो लीद टाकतं. वीस तट्टांची २४० ते ३०० किलो. गल्लीत ती नाल्यात जाते, एका जागी असली तर तिचं खत होतं आणि बागांना विकता येतं.

गरीब मालकावर नियमांचा भार टाकला तर फेरी फक्त श्रीमंतांची उरेल, असंही म्हटलं जाईल. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या किनाऱ्याकडे पाहिलं तर तसं घडलेलं दिसत नाही. कामगारांच्या सुट्टीचं ते ठिकाण, आणि तिथल्या वाळूवर गाढवांच्या फेऱ्या अजून चालतात. १९४२ पासून त्यांना नगरपालिकेची नियमावली आहे: सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर काम नाही, दुपारी जेवणाची सुट्टी, शुक्रवारी पूर्ण विश्रांती, हंगामाआधी पशुवैद्याची तपासणी, आणि पाठीवर साधारण ५० किलोंपेक्षा जड माणूस बसवायचा नाही. आपल्याकडेही १९६५ चे ओझ्याच्या जनावरांचे नियम आहेत. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, ३७ अंशांवर तापमान गेलं तर दुपारी बारा ते तीन काम नाही, तट्टावर ७० किलोंपेक्षा जास्त ओझं नाही. ते तासांचे आणि ओझ्याचे नियम आहेत. घोडा रात्री कुठे झोपेल याबद्दल त्यांतून काही कळत नाही. माथेरानला साडेचारशेच्या आसपास परवानाधारक घोडे आहेत. मोटारींना मनाई असलेल्या त्या डोंगरावर घोड्याची नोंद, क्रमांक आणि मालक यांचा पत्ता लागतो. तिथले घोडे सुखात आहेत असा माझा दावा नाही, पण तक्रार कुणाविरुद्ध करायची हे तरी तिथे कळतं.

अशी नोंद असलेली सामाईक पागा उपनगरात झाली, तर मुलांसाठीची फेरी कशी असावी हेही बदलतं. ओहायो राज्य विद्यापीठात २००८ मध्ये झालेल्या अभ्यासात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५ ते ३० टक्के ओझं ठेवून पाहिलं गेलं. २५ टक्क्यांपासून पुढे हृदयाचे ठोके आणि नंतरची स्नायूंची वेदना वाढलेली दिसली. ३०० किलोच्या तट्टाला २० टक्क्यांनी ६० किलो, त्यातून खोगीर-सामान वजा केलं तर ५० उरतात. म्हणजे तट्टू मुलांचंच आहे, आणि दुप्पट पैसे दिले म्हणून बापाला त्यावर बसवायचं नाही. ब्रिटनमध्ये १९२९ साली सुरू झालेल्या पोनी क्लबनं मुलांना घोड्यावर बसणं शिकवताना पागेतली कामंही शिकवली, आणि आजही तिथल्या परीक्षांत खूर साफ करणं, चारा ओळखणं हे सवारीइतकंच महत्त्वाचं आहे. बोरिवलीच्या किंवा अंधेरीच्या महापालिका शाळेतलं मूल तासभर पागेत आलं, त्यानं गवत घातलं, खरारा केला, जठर आणि खूर समजून घेतले, आणि शेवटची दहा मिनिटं पाठीवर बसलं, तर एका घोड्यावर सकाळभरात फेरीमागून फेरीचा भार पडत नाही, आणि पैसे फेरीचे नसून तासाचे होतात. वर्षाच्या सुरुवातीला शाळांशी ठरवलेल्या अशा तासांमुळे पैसा वर्षभर वाटून येतो आणि जुलैतलं गवत कापावं लागत नाही. पोलिओनं गुडघ्याखालचे पाय निकामी झालेली डेन्मार्कची लिस हार्टेल १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक जिंकली, आणि त्यानंतर अपंग मुलांसाठीच्या सवारीचे वर्ग युरोपात पसरत गेले. उपनगरांतल्या विशेष मुलांच्या शाळांनाही असा वर्ग हवा, पण शांत स्वभावाचं, पुरेसं झोपलेलं, पोट न दुखणारं तट्टू असल्याशिवाय तो चालवता येत नाही.

महापालिकेला यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम ३९४ चा परवाना आहेच. त्यासोबत ठाणाची लांबी-रुंदी, गवताचा साठा, घोड्याचं वय, नालबंदाची आणि रक्ततपासणीची तारीख यांची वही पागेच्या दारात ठेवावी लागेल, आणि फेरीला किंवा वरातीला घोडा ठरवणाऱ्या कुणालाही दिवसा कुठल्याही वेळी आत येऊन ती वही आणि ते ठाण पाहता येईल, एवढी एक अट त्यात घालता येते.